पाचव्या रांगेत ऐकू येणारा श्वास

४ ऑक्टोबर, शनिवार

पोचले. सामानही पोचलं. हिंमत तेवढी वाटेत कुठेतरी उतरली.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक डगमगती खुर्ची, कोपऱ्यात बेसिन, आणि खिडकी उघडली की समोर थेट ऑपेरागृहाचा मागचा दरवाजा. पळून जावंसं वाटलं तरी नजर तिथेच पडावी म्हणून मुद्दाम ही खोली दिली असणार. आल्यापासून खिडकी नुसती लावतेय आणि उघडतेय.

दादाचा फोन आला. "काय भित्री भागूबाई, पोचलीस का? का स्टेशनवरूनच परत?" म्हटलं, आज परतीची गाडी नव्हती, नाहीतर विचार केला असता. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

आत्याने म्हणे सगळ्या इमारतीला सांगितलंय की भाची कंडक्टर आहे आणि परदेशात स्पर्धेला गेलीय. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, कुठल्या मार्गावर असते? एरवी मी पोट धरून हसले असते. आज नुसतं हं म्हटलं.

ही ऑपेराच्या तरुण कंडक्टरांची, म्हणजे हाताच्या इशाऱ्याने वाद्यवृंद आणि गायक चालवणाऱ्यांची, स्पर्धा. बत्तीस पूर्ण झाली की बाद, आणि माझी डिसेंबरात होतायत. म्हणजे हे शेवटचं. जिंकणाऱ्याला याच ऑपेरागृहात दोन वर्षांची नोकरी. रोज खरा वाद्यवृंद, खरे गायक. हरणाऱ्याने घरी जायचं. माझ्या बाबतीत घर म्हणजे नृत्यशाळा. तिथे मी पियानोवर एक-दोन-तीन-चार वाजवते आणि छोट्या मुली उड्या मारतात. मुली गोड आहेत. पण जन्मभर एक-दोन-तीन-चार करायचं या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. आणि इथे उभं राहायच्या विचारानेही येतो. दोन्हीकडून गोळाच.

५ ऑक्टोबर, रविवार

आज आमची ओळखपरेड. आम्ही स्पर्धक तालमीच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आणि परीक्षक खुर्च्यांवर. अध्यक्ष फार हळू बोलतात. इतकं हळू की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की आपोआप नमस्कार होतो. बहुधा त्यासाठीच.

माझ्या शेजारी एक ताडमाड मुलगा होता. चालताना दर पावलाला मान पुढे जाते. मी मनातल्या मनात त्याचं नाव उंट ठेवून टाकलं. त्याने सात ऑपेरा केलेत. तू किती केलेस, असं त्याने विचारलं. म्हटलं, दीड. एक पूर्ण, आणि एक अर्धा, कारण मुख्य कंडक्टरचा ताप मध्यंतरात उतरला.

मग बाई आल्या. इथल्या मुख्य गायिका. पन्नाशी कधीच उलटली असेल, पण पाठ अशी ताठ की आपण आपोआप सरळ उभं राहावं. सगळं ऑपेरागृह त्यांना नुसतं बाई म्हणतं. कपडेपटातल्या काकू त्यांच्या अर्धं पाऊल पुढे, आणि बाईंचा हात काकूंच्या कोपरावर. महाराणीच! ओळीने ओळख करून दिली. माझी पाळी आली तसा मी हात पुढे केला. बाईंनी घेतलाच नाही. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाल्या, "बरं, बरं." हात हवेत तसाच लोंबकळत राहिला. शेवटी मी तो केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता. उंटाने पाहिलं. हसला मेला.

नंतर नियम सांगितले. सगळ्या फेऱ्यांचं ध्वनिमुद्रण आणि अंतिम फेरीचं चित्रीकरणही होणार, म्हणून शेवटचा सूर विरला तरी कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. मग इथला जुना रिवाज: कंडक्टरने खड्ड्यातून निघून मागच्या जिन्याने विंगेत यायचं, मुख्य गायिकेने विंगेपर्यंत जाऊन त्याचा हात धरून त्याला रंगमंचावर आणायचं. दोघं वाकली की मगच टाळ्या. खड्डा म्हणजे रंगमंचाच्या पुढ्यातली खोल जागा. वाद्यवृंद तिथे बसतो. मी वरून वाकून पाहिलं. माणूसभर खोल, खाली वादकांचे कागद ठेवायच्या लोखंडी स्टँडांचं रान, आणि कडेला कठडा म्हणून नाही. मी आपली गुपचूप मागे सरकले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली फेरी झाली. जिवंत आहे.

तालमीच्या खोलीत, नुसत्या पियानोबरोबर. सकाळपासून बोटं अशी गार की ताल दाखवायची छडी हातात आहे की नाही ते बघून खात्री करावी लागत होती. बाईंबरोबर तिसऱ्या अंकातलं निरोपाचं गाणं, पहिली दोन पानं. बाईंनी एकदासुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे आपले समोरच्या भिंतीवर. मला इतका राग आला! पण काय सांगू, मी उचललं की त्या उचलत होत्या, मी रेंगाळले की रेंगाळत होत्या. अर्ध्या पानानंतर मी घाबरायची विसरले. असं माझं फार क्वचित होतं.

पुढच्या फेरीत आहे. पण निकाल सांगून झाल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुमचा हात चांगला आहे. तुमचा श्वास मात्र पाचव्या रांगेत ऐकू येतो. कंडक्टरने दिसावं. ऐकू येऊ नये."

सगळे हसले. हसणारच. खरंच आहे ते. प्रत्येक सुरुवातीच्या आधी मी भात्यासारखी हवा आत ओढते. लहानपणी दमा होता. आई दाराला कान लावून ऐकायची, आणि माझा श्वास ऐकू आला की मगच आपल्या कामाला लागायची. दमा गेला, आवाज राहिला.

उंट म्हणाला, "जीभ टाळूला लाव आणि तोंड मीट. सोपं आहे." याला सोपं! हा स्वतः दर सुरुवातीला बूट आपटतो, ठक्. ते कोणाला ऐकू येत नाही वाटतं?

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर आरशासमोर तोंड मिटून हात हलवले. मासा दिसतेय. पण जमलं. आता कोणी नाकाशी कान आणला तरी ऐकू येणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

दुसरी फेरी म्हणजे रंगमंचावर उघडी तालीम: खाली खरा वाद्यवृंद, वर गायक, मागे अंधारात परीक्षक. मी खड्ड्यात उतरले. वर काकू खांबापासून विंगेपर्यंत जुन्या गालिच्याची लांब पट्टी अंथरत होत्या. बाईंच्या पायांना गार लागतं म्हणे. बाई त्या पट्टीवरून बुटाची कड घासत घासत खांबाशी आल्या आणि खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, अजून एक सिंहासन आणा.

निरोपाच्या गाण्यात शेवटी एक जागा आहे. बाईंची ओळ संपते. मग सगळं थांबतं. वाद्यं गप्प, गळा गप्प, ताल नाही, मोजायला काही नाही. ही शांतता किती लांबवायची ते फक्त कंडक्टरने ठरवायचं. आणि मग एका क्षणी गायिका आणि सगळा वाद्यवृंद, दोघांनी एकदम, एकाच सुरावर यायचं. तिथे माझ्या हाताशिवाय कोणाला कसलाही आधार नाही.

मी तोंड घट्ट मिटलं. हात वर नेला. आणला खाली. वाद्यवृंद आला. बाई आल्याच नाहीत.

पुन्हा. पुन्हा तेच. बाई तोंड अर्धवट उघडून तशाच उभ्या, मान किंचित वाकडी करून, आणि मग एकदम घाईघाईने, उशिरा. तिसऱ्या वेळी त्या माझ्याही आधी घुसल्या. वाद्यवृंद ढेपाळला, कोणाचा तरी गज तारेवर खरखरला. मी ओठ इतके दाबून धरले होते की दात लागले.

मग बाई त्या रिकाम्या शांततेत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मुली, तू आहेस ना तिथे?"

अख्खा वाद्यवृंद हसला. पहिला व्हायोलिनवाला तर तोंडासमोर कागद धरून. मला वाटलं, खड्ड्याच्या खाली अजून एखादा खड्डा असता तर बरं झालं असतं. नक्की काय बिघडवलंय मी या बाईचं? पहिल्या दिवशी हात घेतला नाही, आणि आज भर तालमीत माझी अशी थट्टा!

जेवले नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज इतरांची पाळी. मागे बसून पाहिलं. स्पर्धकांत एक चष्मेवाला आहे, तो फार सुबक हात चालवतो, मांजरासारखा, कपड्यांचासुद्धा आवाज नाही. त्याच्या वेळीही बाई त्याच जागी बुडाल्या. दुष्ट आहे पण लिहिते, मला बरं वाटलं. मग उंट आला. शांतता. ठक्. आणि बाई अशा सुंदर आल्या की पाठीतून शिरशिरी गेली. नंतर त्या पट्टीवरून डौलात चालत विंगेत गेल्या आणि त्याचा हात धरून त्याला घेऊन आल्या. म्हणजे ज्याला मानायचं त्याला मानतात. आम्ही फालतू.

दुपारी अध्यक्षांनी खोलीत बोलावलं. मोठं टेबल, जड पडदे, घड्याळाची टिकटिक. मी खुर्चीच्या टोकावर.

"काल जे झालं ते आज पुन्हा झालं," ते म्हणाले. मी वाकले. "आमचा समज असा आहे की बाई कंडक्टरच्या हाताकडे बघत नाहीत. हे बऱ्याच दिवसांपासून आमच्या कानावर आहे. पण स्पर्धकांनी स्वतः सांगितल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही. त्या चष्म्याच्या मुलाने सांगितलंय. तुम्हीही सांगितलंत, तर कालची फेरी तुमच्याविरुद्ध धरणार नाही. अंतिम फेरीत तुम्हाला दुसरी गायिका मिळेल. तरुण आहे, हाताकडे बघते."

"आणि बाईंचं काय?"

"त्यांना विश्रांती मिळेल."

"आणि चूक माझी असली तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मग गुण जसेच्या तसे. तुम्ही अगदी काठावर आहात. सोमवारी सांगा."

सांगूनच टाकणार होते. जिभेवर आलं होतं. घाबरट माणसाला लगेच होही म्हणता येत नाही, एवढंच.

१२ ऑक्टोबर, रविवार

दादा म्हणाला, "यात विचार कसला करतेस? ती बघत नाही, तू सांग की बघत नाही. खोटं थोडंच आहे? आयुष्यात एकदा तरी स्वतःचं बघ, भागूबाई." बरोबर आहे त्याचं. मी सांगायचं ठरवलं.

मग त्याने फोन आईला दिला. आई दिवसभरात काय केलं ते सांगत होती आणि मी ऐकत होते. तोंड मिटून. आता सवयच लागलीय. मध्येच आई थांबली.

"हॅलो? अगं, आहेस ना तिथे?"

"आहे की."

"मग आवाज का नाही? तू बोलली नाहीस तरी तुझा श्वास येतो ना फोनवर, म्हणून मी आपली बोलत राहते. आज काहीच येईना. मला वाटलं फोन कटला. काळोखात बोलल्यासारखं वाटलं बघ."

मी खुर्चीवरून उठले. पुन्हा बसले. आईला म्हटलं, नंतर करते.

माझा हात हवेत लोंबकळला होता. काकूंचं कोपर. गालिच्याची पट्टी आणि तिच्या कडेला घासणारा बूट. खांब. उंटाचा ठक्. आणि पहिल्या फेरीत, मी भात्यासारखी फुसफुसत असताना, आम्ही दोघी कशा एकत्र गेलो होतो.

बाईंना दिसत नाही. आणि मी त्यांना महाराणी म्हणत होते. देवा, किती मूर्ख असावं माणसाने.

त्या थट्टा करत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

आता आधीपेक्षा जास्त भीती वाटतेय. आतापर्यंत फक्त स्वतःसाठी घाबरत होते. त्यात निदान सराव होता. अध्यक्षांना ती एवढीशी गोष्ट सांगितली, तर मी अंतिम फेरीत जाते आणि बाई घरी. आणि सांगितलं ते खरंच असेल. हेच तर भयंकर आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं. "चूक माझी होती. माझा इशारा पोचत नव्हता."

आवाज इतका बारीक निघाला की या वेळी अध्यक्षांना पुढे वाकावं लागलं. "पुन्हा विचार करा," ते म्हणाले. मी म्हटलं, केला. बाहेर आले आणि कॉरिडॉरच्या भिंतीला धरून उभी राहिले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते आज कळलं.

दुपारी फलक लागला. मी आहे अंतिम फेरीत. चष्मेवाल्याची ती फेरी धरली नाही, तरी त्याच्यापेक्षा माझा अर्धा गुण जास्त. गायिका: बाई.

संध्याकाळी त्यांच्या मेकअपच्या खोलीशी गेले. काकूंनी दार अडवलं. "बाई कोणाला भेटत नाहीत." आतून आवाज आला, "कोण आहे?" मला नाव सांगायला सुचेना. मी आपली उंबऱ्याशी उभी, आणि घाबरले की होतो तसा श्वास सुरू, खर्र, खर्र.

बाई म्हणाल्या, "अच्छा, तू होय! ये. कुठे गायब झाली होतीस?"

काकू बाजूला झाल्या. मी आत गेले. आरशाभोवतीचे दिवे बंद होते, बाई तशाच बसल्या होत्या.

"अध्यक्ष म्हणाले की ऐकू येऊ नये," मी म्हटलं.

"अध्यक्ष गाणार आहेत का गुरुवारी?"

"नाही."

"मग?" त्या हसल्या. "पहिल्या फेरीनंतर मी काकूंना म्हटलं, ही पोरगी घाबरून मरायला आलीय, पण हिच्याबरोबर गाता येतं. नंतर तू तोंड मिटलंस. माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना आहे?"

आता आहे, असं मी म्हणाले नाही. डोळे हा शब्द त्या खोलीत कोणी उच्चारला नाही. निघताना मी हात पुढे करणार होते, पण थांबले आणि त्यांच्या बोटांना बोटं लावली. त्यांनी घट्ट धरली. त्यांचीही गारच होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, पहिल्या घंटेच्या आधी

दोनच ओळी लिहिते.

गालिचा काढलाय! कॅमेऱ्यात वाईट दिसतो म्हणून कचेरीतून निरोप आला. काकू रंगमंचावरच्या कामगारांशी भांडत होत्या, रडकुंडीला आल्या होत्या, आणि ते म्हणत होते, एका चिंधीसाठी काय हा तमाशा. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "गाताना त्या खांबापासून हलणार नाहीत. पण नंतर तुला आणायला विंगेपर्यंत यायचंय ना?" मी म्हटलं, मीच जाईन त्यांच्याकडे. तर म्हणाल्या, "बाई ऐकतात होय! आम्ही सांगून पाहिलं. रिवाज मोडला तर सगळे विचारतील का मोडला, असं म्हणाल्या."

उंटाचं झालंय. छान झालं. त्याच्या वेळी तरुण गायिका होती. तो मला म्हणाला, "जीभ टाळूला." मी मान हलवली.

घंटा झाली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

काल लिहिणं शक्य नव्हतं. आता खिडकीशी बसलेय. बॅग भरून झालीय.

मी श्वास घेतला. पहिल्या सुरापासून घेतला, मोठ्याने, लाज सोडून. पहिल्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. पण वरून बाई येत होत्या, माझ्या प्रत्येक श्वासाला बरोबर येत होत्या. एकदा तर मी जरा जास्तच लांबवला, नुसतं बघायला. आल्या! मग ती शांतता आली. सगळं थांबलं. खड्डा काळा, वर खांबाशी बाई, मान किंचित वाकडी. माझ्या हातात तेवढं होतं आणि मी ते जितकं धरवलं तितकं धरलं. मग असा श्वास ओढला की शेवटच्या रांगेने दचकावं. आणि आम्ही सगळे एकदम आलो. असं एकदम, की त्यात मी कुठली आणि त्या कुठल्या ते मला सांगता येणार नाही.

शेवटचा सूर विरला. टाळ्या नाहीत. नियम.

मी खड्ड्याच्या दारातून धावत सुटले. लोखंडी जिना, अंधार, पाय घसरला, गुडघा फुटला. विंगेत पोचले तेव्हा धापा टाकत होते. काकू तिथे तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

बाईंनी खांब सोडला होता. ताठ, हसऱ्या चेहऱ्याने त्या मला आणायला निघाल्या होत्या. पण पायाखाली पट्टी नव्हती. त्या विंगेकडे येतच नव्हत्या. तिरक्या जात होत्या, कडेकडे. सभागृहात एवढी शांतता की त्यांच्या टाचा ऐकू येत होत्या. लोकांना वाटलं असणार, बाई नमस्काराला पुढे येतायत. खाली स्टँडांचं ते रान. एक टाच. दुसरी.

हाक मारावी तर सगळ्या जगाला कळणार. नाही मारावी तर. मला काही सुचलं नाही, हे मी खरं लिहिते. माझ्याने दुसरं काही झालंच नाही. मी श्वास घेतला. त्या जागेवरचा, तोच, पोटापासून.

बाई थांबल्या. उचललेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं.

मी पुन्हा घेतला. त्या वळल्या. पुन्हा. त्या माझ्याकडे यायला लागल्या, सरळ, डौलात, चेहऱ्यावर तेच हसू. जवळ आल्या आणि हात पुढे केला. माझ्या खांद्याच्या बाजूला, हवेत. तो हात मी क्षणभरही लोंबकळू दिला नाही.

आम्ही दोघी बाहेर आलो आणि वाकलो. टाळ्या कोसळल्या. त्या आवाजात, ओठ न हलवता, लोकांकडे हसत बाईंनी विचारलं, "कड किती लांब होती गं?"

"खूप लांब, बाई."

"खोटारडी," त्या म्हणाल्या, आणि माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय.

नोकरी उंटाला मिळाली. मिळायलाच हवी होती, तो चांगला आहे. त्याने मला मिठी मारली, मान खाली आणून. अध्यक्ष म्हणाले, "शेवटच्या रांगेत ऐकू आला." मी म्हटलं, हो. "आणि विंगेत काय चाललं होतं?" म्हटलं, जिना चढून दम लागला, लहानपणापासून दमा आहे मला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे खाली घातले नाहीत.

नंतर बाई काकूंच्या कोपराला धरून माझ्यापाशी आल्या. "हा हंगाम झाला की मी थांबणार आहे. अध्यक्षांनी नाही, मीच त्यांना सांगणार. कालपर्यंत तसं सांगायचा धीर नव्हता." एवढंच. मग काकूंनी त्यांना गाडीत बसवलं.

सोमवारी नृत्यशाळा. एक-दोन-तीन-चार. डिसेंबरात बत्तीस. दादाला कसं सांगायचं ते सकाळपासून मनात जुळवतेय.

आत्ता फोन केला. दादा घरी नव्हता. आईने उचलला. मी बोलणार होते, "आई, मी हरले," पण शब्द फुटेना. नुसती फोन धरून बसले, आणि श्वास चालला होता, खर्र, खर्र, रडणाऱ्या माणसाचा चालतो तसा.

पलीकडे आईने कान लावला असणार.

"आहेस," ती म्हणाली. "ऐकू येतंय."